खोकं कोण उचलतो, नाव कोण लिहितो

आपल्या अंकाचं काम करणारी एक मैत्रीण यंदा जनसंपर्क आणि जाहिरात ह्या विषयात एम.ए. करतेय. त्यावरून आपल्यातच ठिणग्या उडाल्या. कुणी म्हणालं, ही आता मालकांची भाट होणार. कुणी म्हणालं, अंकावरचं तिचं नाव काढा. म्हणून हे संपादकीय.

मी मॅट्रिक. गोदीत खोकी उचलतो. खोक्याचं वजन माझ्या पाठीला कळतं, पण मालाची किंमत वजनावर ठरत नाही, वर छापलेल्या नावावर ठरते. ते नाव मोठं करायची विद्या कॉलेजात शिकवतात. आपण ती शिकावी की थुंकून टाकावी, हा सवाल आहे.

भाट म्हणणाऱ्यांचं अगदीच खोटं नाही. अमेरिकेतला आयव्ही ली हा ह्या विद्येचा एक बाप मानला जातो. १९०६ साली त्यानं वर्तमानपत्रांना लिहून दिलं, आमचं काम उघड, आमची माहिती खरी. पुढं १९१३ साली कोलोरॅडोत कोळसा खाणकामगारांचा संप झाला. कंपनीच्या घरांतून हुसकलेले कामगार बायकापोरांसकट लडलो गावाजवळ तंबूत राहिले. २० एप्रिल १९१४ ला राज्याच्या सैनिकांनी तंबूंवर गोळ्या झाडल्या. तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात २ बायका आणि ११ पोरं मेली. कंपनीचा बडा भागीदार रॉकफेलर. मग त्यानं कुणाला बोलावलं? आयव्ही लीला! लीनं मालकांच्या बाजूनं पत्रकांवर पत्रकं काढली, कामगार पुढाऱ्यांचे पगार फुगवून छापले. लेखक अप्टन सिंक्लेअरनं त्याला नाव ठेवलं, 'पॉयझन आयव्ही'. म्हणजे विषारी वेल.

१९२९ साली एडवर्ड बर्नेजनं न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत बायकांना सिगारेटी ओढत चालायला लावलं, आणि त्या सिगारेटींना म्हटलं 'स्वातंत्र्याच्या मशाली'. पैसा तंबाखू कंपनीचा. बायकांचा लढा खरा होता, मशाल विकाऊ होती. लढ्यातला शब्द असा चोरता येतो. उद्या आपलाही चोरतील.

पण दोस्तांनो, १९२० साली बाबासाहेबांचं 'मूकनायक' निघालं, तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. जाहिरात ही क्षुल्लक चीज असती, तर नाकारली कशाला असती? ज्याच्या हाती जागा, तोच ठरवतो कुणाचं नाव लोकांपुढं जाणार. हे हत्यार लांबून शिव्या घालून बोथट होत नाही. बाबासाहेब १९१५ साली कोलंबियात अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झाले, ते काय शेठजींच्या चोपड्या लिहायला?

तेव्हा मैत्रिणीचं नाव अंकावर राहील. आणि मैत्रिणी, तुला एवढंच सांगणं. वर्गात लीचं कौतुक सुरू झालं की हात वर कर, लडलोत पोरं किती मेली ते विचार. नोकरी लागेल, पगार घे, घरचं कर्ज फेड. त्यात लाज कसली? पण संप मोडायचं पत्रक लिही म्हणाले, तर पेन खाली ठेव. आणि आपल्या लोकांचं पत्रक कसं लिहायचं, ते दर रविवारी इथल्या पोरापोरींना शिकव.

फी द्यायला आमच्याकडं काही नाही. चहा मिळेल.