‘नाशिक’ हा अपभ्रंश नव्हे

‘मूळ नाव नासिक, नाशिक हा त्याचा अपभ्रंश’ असे ठासून सांगणारे गोदाकाठी पुष्कळ भेटतात. त्यांचा पुरावा खोटा नाही. पांडवलेण्यातल्या ब्राह्मी लेखात ‘नासिक’च कोरले आहे, पतंजलीच्या महाभाष्यातही ‘नासिक्य’ नगराचा उल्लेख आहे. पण त्यावरून शहराचे आजचे नाव बिघडलेले ठरवणे साफ चूक आहे.

मराठी माणूस एका म्हशीला म्हैस म्हणतो, अनेकींना म्हशी. अंगणात तुळस असते, वृंदावन मात्र तुळशीचे. मावसभावाची आई ती मावशी. संस्कृतातले ‘शिक्ष्’ प्राकृतात ‘सिक्ख’ झाले आणि मराठीत इ-समोरच्या स-चा पुन्हा श होऊन ‘शिकणे’ आले. इ हा तालव्य स्वर. त्याने शेजारच्या स-ला टाळूकडे ओढून घेतले. याला तालव्यीभवन म्हणतात. नासिकचे नाशिक याच नियमाने झाले. ते तसे झाले नसते, तरच नवल वाटायला हवे होते.

आणि हेच गाव विभक्ती लागताच ‘नाशकात’ होते. माणूस–माणसात, कापूस–कापसात, पाटील–पाटलाला, तसेच नाशिक–नाशकात. उपान्त्य इ-उ टिकत नाहीत. गंमत अशी, की ज्या इ-ने श आणला ती इ इथे निघून गेली, श मात्र राहिला. ‘नाशकात’ला गावंढळ समजून ‘नाशिकमध्ये’ लिहिणाऱ्यांनी हा क्रम एकदा न्याहाळून पाहावा.

‘अपभ्रंश’ ही संज्ञा इथे दोन कारणांनी निरुपयोगी आहे. पतंजलीने ‘गौः’ या साधु शब्दाचे गावी, गोणी, गोता असे अपभ्रंश दिले, ते साधु-असाधु वेगळे काढण्यासाठी. बदल कसा घडला, हे सांगणे त्याचे काम नव्हते. शिवाय प्राकृत आणि आधुनिक भाषांमधल्या अवस्थेचेही नाव अपभ्रंशच आहे. एका शब्दात निवाडाही आणि कालखंडही! त्यातून नियम कुठला कळणार?

दुसरा पक्ष म्हणतो, पाणिनीच्या संज्ञा असताना नव्या कशाला? मयूरचे मोर झाले, हा ‘गुण’च ना? नाही. गुणसंधीत अ आणि उ एकाच काळी समोरासमोर उभे असतात. मोर व्हायला आधी य जाऊन ‘मऊर’ व्हावे लागले, मग दोन स्वर मिटून एक झाला. हा स्वरसंकोच, आणि त्याला काळ लागला. बंगालीसाठी सुनीतिकुमार चटर्जींनी अपिनिहिती, अभिश्रुती अशा संज्ञा घडवल्या. त्या बंगालीच्या गरजेतून आल्या. मराठीची गरज वेगळी: अंत्य स्वरांचा लोप, संकोच, पूरक दीर्घत्व. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरचा आपला फ्रेंच ग्रंथ 1920 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हे बदल नियमवार मांडले आहेत. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला, म्हणजे सामग्री हाताशी आहे.

नेमकी संज्ञा काय देते, हे पांडवलेण्यातच दिसते. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या लेखात राजा पुळुमावीला ‘वासिठिपुत’ म्हटले आहे. ब्राह्मीत प्राकृत लिहिणारे द्वित्त व्यंजन सहसा लिहीत नसत, त्यामुळे त्या काळी ‘पुत’ म्हणत की ‘पुत्त’, हे दगड सांगत नाही. पण मराठीत ‘पूत’चा ऊ दीर्घ आहे, जसा सत्तचे सात, हत्थचे हात होताना अ दीर्घ झाला. द्वित्तातला एक घटक गेला आणि त्याचा वेळ आधीच्या स्वराने भरून काढला. हेच पूरक दीर्घत्व. पंजाबीत पुत्त, सत्त, हत्थ अजून तसेच आहेत. म्हणजे दगडावर न लिहिलेला त्त आजच्या दीर्घ ऊ-मधून ऐकू येतो. ‘अपभ्रंश’ म्हणून थांबणाऱ्याला तो कधीच ऐकू येणार नाही.

त्याच लेखात राजाच्या नावाआधी ‘श्री’ नाही, ‘सिरि’ आहे. जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घालणे ही स्वरभक्ती. ही संज्ञा प्रातिशाख्यांइतकी जुनी आहे आणि तिच्यात तिरस्काराचा लवलेश नाही. पंचवटीत कुणी ‘परसाद’ म्हणाले, कुणी ‘तरास’ म्हणाले, की शिकलेली माणसे हसतात. सातवाहन राजमातेच्या लेखात, पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षी, तीच प्रक्रिया राजाच्या नावाआधी कोरली गेली आहे.