गाडीवरचे ओघळ आणि आपले खारे पाणी

अकोल्यात किंवा अमरावतीत बोअरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. तासभर घासली, शाम्पू महागाचा आणला, तरी वाळल्यावर बॉनेटवर पांढरे ठिपके आणि काचेवर ओघळ. दोष शाम्पूला दिला जातो. खरे कारण घरातच दिसते: कूलरच्या ताट्यांवर उन्हाळाभर जो पांढरा थर चढतो, तोच हा.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या भूजलात क्षार भरपूर. पाणी उडून जाते, क्षार जागेवरच राहतात. लिटरमागे 2,000 मिलिग्रॅम क्षार असलेले पेलाभर पाणी गाडीवर वाळले, तर सुमारे 0.4 ग्रॅम पांढरी पूड मागे उरते. सोडियमचे क्षार ओल्या फडक्याने निघतात; कॅल्शियम-मॅग्नेशियमचे मात्र तापलेल्या पत्र्यावर चिकटून बसतात. मे महिन्यात दुपारी गाडी धुणे म्हणजे हे डाग स्वतःच्या हाताने भाजून पक्के करणे.

म्हणून धुण्यापेक्षा पुसणे महत्त्वाचे. सकाळी, सावलीत, पत्रा गार असताना, टपापासून खाली, एका वेळी एकच भाग. तो वाळायच्या आत मऊ, पाणी शोषणाऱ्या कपड्याने टिपून घ्यायचा. चाकांचा कपडा वेगळा. कपडे धुण्याची पावडर नको, ती रंगावरचे मेण काढते. आणि रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची जी सवय आहे, ती तर सोडाच. धुळीतले बारीक खडे रंगावर ओरखडे काढतात.

आता मुद्द्याचे. या डागांवर अनेकांनी शोधलेला सोपा उपाय म्हणजे नळाचे गोडे पाणी आणि लांब नळी. अकोल्याला ते काटेपूर्णा धरणातून येते, अमरावतीला अप्पर वर्धातून. नळी मिनिटाला दहा लिटर सोडते असे धरा. वीस मिनिटांत दोनशे लिटर गेले. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी, दररोज धरलेले पाणी आहे 55 लिटर. म्हणजे एका गाडीवर जवळपास चार माणसांचा दिवस. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात हे मला पटत नाही. त्यात खारपाणपट्ट्यात ज्या घरी गोडे पाणी पोहोचत नाही, तिथे हेच क्षार बॉनेटवर नाही, पोटात जातात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत सूट.

गोड्या पाण्याचा गाडीला हक्क आहे तो फक्त शेवटच्या अर्ध्या बादलीपुरता. चिखल आणि शाम्पू बोअरच्या दीड बादलीत निघतो. शेवटी मगाने गोडे पाणी फिरवले की खारे पाणी ओघळून जाते. पत्र्याला गंज धरण्याची भीतीही त्याने कमी होते. पावसाळ्यात हे अर्धी बादलीही नळाचे लागत नाही, पन्हाळीखाली बादली ठेवली की झाले. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणीही जवळजवळ क्षारमुक्त असते, पण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते फार जमत नाही.

जुने डाग असतील तर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून फक्त काचेवर फिरवा आणि लगेच धुवा. रंगावर आधी कोपऱ्यात करून बघा.