पटावरचा भारत

बुद्धिबळ ही भारताने जगाला दिलेली देणगी. त्याचे मूळ नाव चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे त्या नावातच सामावलेली आहेत. हा खेळ इराणात गेला, अरबांकडे गेला आणि पुढे युरोपात पोहोचला, तेव्हा त्यातील मोहऱ्यांची रूपे पालटली. राजाशेजारच्या मंत्र्याची तेथे राणी झाली आणि हत्तीच्या जागी चर्चचा बिशप येऊन उभा राहिला. घरे चौसष्टच राहिली. पण पट ज्यांच्या हाती गेला, त्यांनी त्यावर आपल्या समाजाची रचना कोरली. खेळ निरागस असतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात प्रत्येक खेळ आपल्याबरोबर एक जग घेऊन येतो आणि ते जग खेळणाऱ्याच्या मनात नकळत उतरवतो.

हे सांगण्याचे निमित्त आहे ‘सिव्हिलायझेशन’ नावाचा संगणकीय खेळ. मायक्रोप्रोज या अमेरिकी कंपनीने १९९१ साली तो बाजारात आणला. सिड मायर आणि ब्रूस शेली हे त्याचे रचनाकार. मायर आणि अमेरिकी हवाई दलातील माजी अधिकारी बिल स्टीली यांनी ही कंपनी १९८२ मध्ये स्थापन केली होती आणि लढाऊ विमानांच्या खेळांवर तिने नाव कमावले होते. आधी संगणकावर आणि त्या दशकाच्या मध्यास दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या सुपर निन्टेंडो यंत्रावर हा खेळ आला. आज ती यंत्रे जुन्या वस्तूंच्या शौकिनांकडे उरली आहेत. खेळाची परंपरा मात्र अखंड चालू आहे. तिच्या विविध आवृत्त्यांच्या कोट्यवधी प्रती खपल्या असून सातवी आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. इतक्या लोकांपर्यंत जगाच्या इतिहासाचे किती ग्रंथ पोहोचले असतील? म्हणूनच ‘पोरांचा खेळ’ म्हणून या विषयाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

कोश, दंड आणि विद्या

या खेळाचे गुण आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. ख्रिस्तपूर्व ४००० मध्ये एक छोटी टोळी हाती घेऊन खेळाडू आरंभ करतो. तो नगर वसवतो, शेती वाढवतो, रस्ते बांधतो, सैन्य उभारतो. व्यापारातून येणारे उत्पन्न त्याला तीन ठिकाणी वाटावे लागते : खजिना, विद्या आणि प्रजेचे सुख. खजिन्याकडे दुर्लक्ष केले तर बांधलेल्या वास्तू विकण्याची पाळी येते. विद्येकडे दुर्लक्ष केले तर आपले भालाईत शत्रूच्या तोफांसमोर उभे राहतात. प्रजेला विसरले तर नगरात बंडाळी माजते. शेवटी विजयाचे मार्ग दोन : सर्व प्रतिस्पर्ध्यांचा नाश करणे, अथवा दूरच्या तारकासमूहाकडे सर्वांआधी अवकाशयान पाठवणे.

यातील राज्यशास्त्र आपल्याला अपरिचित आहे काय? स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र ही राज्याची सात अंगे कौटिल्याने सांगितली, आणि एक अंग दुबळे झाले तर संपूर्ण राज्य संकटात येते हेही त्यानेच बजावले. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी दुर्गांइतकेच महत्त्व साहुकारांना दिले आहे आणि टोपीकर केवळ व्यापारी नव्हेत, याचीही जाणीव करून दिली आहे. लष्करी बळ आणि अर्थबळ ही एकाच रथाची दोन चाके आहेत, हे सांगायला आपल्याला मेरीलँडमधील कंपनीची आवश्यकता नव्हती. तथापि वस्तुस्थिती अशी की आपल्या घरातील चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा हा विचार पडद्यावर शिकतो आणि कौटिल्य त्याला परीक्षेतील दोन गुणांच्या प्रश्नापुरताच भेटतो.

भारताचा नायक कोण?

मूळ खेळात चौदा राष्ट्रे आहेत आणि प्रत्येकाला एक नायक दिला आहे. रोमनांना सीझर, ग्रीकांना अलेक्झांडर, फ्रेंचांना नेपोलियन, जर्मनांना फ्रेडरिक, मंगोलांना चंगीझखान, बॅबिलोनला हम्मुराबी, झुलूंना शाका, इंग्रजांना एलिझाबेथ, रशियाला स्टॅलिन, चीनला माओ. आणि भारताला? महात्मा गांधी.

गांधीजींविषयीचा आदर हा येथे वादाचा विषय नाही. कोट्यवधी सामान्य माणसांच्या मनातील परकीय सत्तेची भीती त्यांनी दूर केली, हे ऋण देश विसरू शकत नाही. प्रश्न वेगळाच आहे. ज्यांनी आयुष्यात शासनाचे कोणतेही पद स्वीकारले नाही, त्यांना या खेळात रथ आणि तोफा घेऊन सहा हजार वर्षे राज्य करावयास बसवले आहे. इतरांच्या वाट्याला विजेते आले, कायदे करणारे आले, साम्राज्ये उभारणारे आले. भारताच्या वाट्याला राज्यसत्तेपासून दूर राहिलेला एक महापुरुष आला. हा गांधीजींवरही अन्याय आहे आणि भारतावरही. भारताला राज्यकर्त्यांची परंपराच नव्हती, हा देश विसाव्या शतकात प्रथम जागा झाला, हा वसाहतकाळातील जुना सिद्धान्तच त्यातून मुलांच्या मनावर ठसतो.

यामागे कारस्थान शोधण्याचे कारण नाही. रचनाकाराने भारताचे म्हणून जे नाव जगाला सर्वाधिक ठाऊक होते, ते उचलले. मग दुसरी नावे जगाला ठाऊक का नव्हती, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारला पाहिजे. या मालिकेत सम्राट अशोक येण्यास २००५ साल उजाडले आणि चंद्रगुप्त मौर्य तर २०१८ मध्ये आला. ज्या अर्थशास्त्राचा आपण अभिमान बाळगतो, त्याची संहिता म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे आपण जगापुढे काय मांडले?

अण्वस्त्रांचा विनोद

या खेळाभोवती एक दंतकथाही रचली गेली. ती अशी की मूळ खेळातील एका गणिती चुकीमुळे गांधीजींची आक्रमकता शून्याच्या खाली जाई, तेथून एकदम शिखरावर पोहोचे आणि ते सर्वांवर अण्वस्त्रे टाकीत सुटत. जगभर ही कथा खरी मानली गेली. सिड मायर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत अशी चूक मुळात नव्हतीच, असे स्पष्ट केले. परंतु पाचव्या आवृत्तीत, २०१० मध्ये, गांधीजींची अण्वस्त्रांची आवड गंमत म्हणून मुद्दामच वाढवून ठेवण्यात आली. खोटी कथा अशा प्रकारे खरी करण्यात आली.

विनोदाने रागवावे असे नाही. पण विनोद कोणावर होतो, हे पाहण्यासारखे असते. अण्वस्त्राचा प्रत्यक्ष युद्धात वापर करणारे राष्ट्र जगात एकच आहे. त्या राष्ट्राचे नायक म्हणून खेळात लिंकन आहेत आणि त्यांच्याविषयी अशी कोणतीही दंतकथा नाही. ज्या देशाने १९७४ आणि १९९८ मध्ये चाचण्या केल्या आणि प्रथम वापर न करण्याचे धोरण जाहीर केले, त्याच्या हातातील अस्त्र मात्र जगाला हास्यास्पद वाटते.

मूळ खेळातील एक नियम या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. कोणत्याही एका राष्ट्राने ‘मॅनहॅटन प्रकल्प’ पूर्ण केला, की आवश्यक विद्या मिळवलेल्या सर्व राष्ट्रांना अण्वस्त्रे बनवण्याची मुभा मिळते. पटावर हे समान न्यायाचे तत्त्व आहे. पटाबाहेर मात्र १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने पाच राष्ट्रांना आत घेतले आणि इतरांसाठी दार लावून टाकले. खेळ बनवणाऱ्यांना जो न्याय सहज सुचला, तो त्यांच्या राज्यकर्त्यांना सुचला नाही!

मराठे कोठे आहेत?

सातव्या आवृत्तीत इतिहासाचे तीन कालखंड केले आहेत आणि ती प्रसिद्ध झाली तेव्हा प्रत्येक कालखंडात भारताचे एक राज्य होते. प्राचीन काळासाठी मौर्य, सागरी संचाराच्या मधल्या काळासाठी चोळ. येथपर्यंत आनंदच आहे. १०२५ मध्ये राजेंद्र चोळाच्या आरमाराने समुद्र ओलांडून श्रीविजयवर स्वारी केली होती. ते नाव जगभरच्या घरांत पोहोचणे स्वागतार्हच. परंतु यंत्रांचा, रेल्वेचा आणि कारखान्यांचा जो आधुनिक कालखंड, त्यात भारताचे प्रतिनिधित्व मोगलांकडे देण्यात आले!

मोगलांना इतिहासातून पुसून टाकावे, असे कोणी म्हणणार नाही. अकबराच्या काळात ते दाखवले असते तर आक्षेपाला जागाच नव्हती. पण आधुनिक युगाच्या उंबरठ्यावर या देशात सत्ता कोणाची होती? औरंगजेब १७०७ मध्ये मरण पावला. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकले. १७५८ मध्ये मराठी घोडी अटकेपर्यंत पोहोचली. १७६१ च्या पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांत महादजी शिंदे यांनी दिल्ली हाती घेतली आणि १७७२ च्या आरंभी बादशहा शाह आलम मराठ्यांच्या संरक्षणात आपल्या राजधानीत परतला. १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेतली, ती शिंद्यांच्या फौजेशी लढून. बादशहा केवळ नावाचा उरला होता. आधुनिक शस्त्रास्त्रांनी सज्ज, कवायती पायदळ आणि तोफखाना बाळगणारी भारतीय सत्ता म्हणून ज्यांचे नाव घ्यावयाचे, ते मराठे पटावर नाहीत.

याच मालिकेत २०१८ मध्ये कॅनडातील क्री या मूळ रहिवासी समाजाचा समावेश झाला, तेव्हा त्यांच्या एका प्रमुखाने जाहीर आक्षेप घेतला. दुसऱ्याची भूमी जिंकणे हेच श्रेष्ठत्वाचे माप, ही कल्पना आमची नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. आपणही या मुद्द्यावर विचार करावा. मूळ खेळात नगर जिंकले की त्या क्षणी तेथील माणसे विजेत्याची होतात. त्यांना कसलीही स्मृती उरत नाही. भारताचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. येथे राज्ये गेली, राजधान्या पडल्या, तरी समाजाची स्मृती टिकली आणि त्या स्मृतीतूनच रायगडावर सिंहासन उभे राहिले. खजिना मोजता येतो, सैन्य मोजता येते. ही स्मृती मोजण्याचे माप अमेरिकी पटावर नाही. ते माप आपणच दिले पाहिजे.

निषेध नको, निर्मिती हवी

अशा वेळी निषेधाचे पत्रक काढणे सर्वांत सोपे असते. एखादा खेळ बंद पाडल्याने एकही मुलगा महादजींचे चरित्र वाचू लागत नाही. आपल्याकडे सामर्थ्याची वाण नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांच्या भूमीवर उभा असलेला खेळ निर्माण केला आणि तो निन्टेंडोच्या यंत्रावर जगभर पोहोचला. त्याच पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ उभे आहे, पेशवे दफ्तरातील असंख्य मोडी कागद आहेत. संगणकाचे शिक्षण घेतलेले आपले तरुण आणि मोडी वाचणारे आपले अभ्यासक एकाच शहरात राहतात. पण त्यांची एकमेकांशी ओळख नाही. दुर्ग, आरमार, चौथाई, हुंड्या आणि तह यांवर आधारलेला खेळ रचायचा झाला तर सामग्री कमी पडणार नाही. उणीव आहे ती ही दोन टोके जोडणाऱ्यांची. हे काम कार्यकर्त्यांचे आहे.

आणि पालकांचे? मुलाच्या हातातून यंत्र हिसकावून घेण्याऐवजी त्याच्या शेजारी बसावे. या पटावर भारत कोठे आहे, त्याचा राजा कोण, आणि तोच का, हे त्याला विचारावे. उत्तर त्याला ठाऊक नसेल तर घरातील ग्रंथांचे कपाट उघडावे. उद्याचा पट हीच मुले मांडणार आहेत. त्यावर भारताच्या सोंगट्या कोणत्या असाव्यात, हे त्यांनी इतरांना विचारण्याची वेळ येऊ नये.