हार्ड डिस्क बिघडली? आधी वीज काढा

‘माहिती’ हा शब्द आपण असा वापरतो, की जणू ती वजन नसलेली, कधीच न झिजणारी, हवेत राहणारी एखादी चीज आहे. शाळेतल्या संगणकाच्या तासालाही साधारण हीच समजूत पक्की होते. फाइल ‘सेव्ह’ केली की ती कायमची राहिली आणि ‘डिलीट’ केली की नाहीशी झाली, असे मुले मानतात. पुष्कळदा शिक्षकही मानतात. ही दोन्ही वाक्ये चूक आहेत. माहिती नेहमी कोणत्या तरी पदार्थावर, कोणत्या तरी जागी, त्या पदार्थाच्या एखाद्या भौतिक स्थितीच्या रूपाने असते, आणि पदार्थाचे सगळे नियम तिला लागू पडतात. संगणकाला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क बंद पडली की घरोघरी जी तारांबळ उडते आणि त्या भरात जे नुकसान होते, त्याचे मूळ या समजुतीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्राने जेवढे बिघडवलेले असते, त्याहून अधिक आपण ते दुरुस्त करायला जाऊन बिघडवतो.

प्रथम त्या डबीच्या आत काय चालते ते पाहू या. खिशात मावणाऱ्या बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये सुमारे साडेसहा सेंटिमीटर व्यासाच्या एक किंवा अधिक गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर कोबाल्टच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ चुंबकीय थर असतो. थरातल्या सूक्ष्म भागांचे चुंबकन एका दिशेला किंवा तिच्या उलट दिशेला असते, आणि या दिशांच्या बदलांतून ० आणि १ वाचले जातात. अशी तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० वेळा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा फिरते. परिघ सुमारे २० सेंटिमीटर धरला तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला १८ मीटरच्या आसपास येतो. म्हणजे ताशी ६५ किलोमीटर, हमरस्त्यावरच्या एसटीचा वेग.

या धावत्या पृष्ठभागावर वाचणारे-लिहिणारे शीर्ष टेकलेले नसते. तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगते, आणि हे अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. माणसाचा केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो. शीर्ष ज्या तुकड्यावर बसवलेले असते तो साधारण मिलिमीटरभर लांब. त्याचे विमान केले आणि विमानाची लांबी ७० मीटर धरली, तर ते जमिनीपासून अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी उंचीवरून उडते आहे असे होईल! चुंबकत्वाने विद्युतरोध बदलण्याच्या ज्या परिणामामुळे इतके सूक्ष्म वाचन शक्य झाले, त्याच्या शोधाबद्दल आल्बेर फेर आणि पेटर ग्र्युनबेर्ग यांना २००७ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण मात्र ती डबी दप्तरात वह्यांच्या खाली कोंबतो.

आता ही डबी टेबलावरून, समजा एक मीटर उंचीवरून, पडली. नववीतले समीकरण आठवा: v² = २gh. फरशीवर आदळताना वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो. हा काही फार मोठा वेग नव्हे. पण खरा प्रश्न ती किती अंतरात थांबली हा आहे. कठीण फरशीवर ती एका मिलिमीटरमध्ये थांबली असे धरले, तर मंदन गुरुत्वत्वरणाच्या १००० पट येते (पडण्याचे अंतर भागिले थांबण्याचे अंतर, इतके सोपे गणित आहे). तीच डबी गादीवर पडून पाच सेंटिमीटरमध्ये थांबली तर फक्त २० पट. फिरत असताना अशा डिस्कने साधारण तीनचारशे पटींपर्यंतचा धक्का सोसावा अशी तिची घडण असते. बंद असताना, शीर्षे बाजूच्या उतरंडीवर विसावलेली असल्यामुळे, ती बराच अधिक सोसते. तेव्हा चालू डिस्क हलवू नये, हा नियम गणितातूनच निघतो.

हे गणित सांगण्याचे कारण घडले. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीची डिस्क चालू असताना खाली पडली. तिच्यात आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण होते. मोबाइलमध्ये जागा उरली नाही म्हणून तिने ते सारे डिस्कवर ‘सुरक्षित’ ठेवून मोबाइलमधून काढून टाकले होते. आजी त्यानंतर चारच महिन्यांत वारल्या. डिस्क जोडली की टक्-टक् असा आवाज येई आणि संगणकाला ती दिसत नसे. घरच्यांनी ती रात्रभर पुन्हा पुन्हा जोडून पाहिली. सकाळी एका दुकानात नेली. तेथे दुकानदाराने टेबलावर, पंख्याखाली, झाकणाचे स्क्रू काढून ‘आत काय झाले आहे’ ते पाहिले. माझ्याकडे ती आली तेव्हा तबकडीवर साध्या डोळ्यांना दिसणारे वर्तुळाकार ओरखडे होते. ओरखडा म्हणजे चुंबकीय थर खरवडून त्याची पूड झालेली. त्या पुडीतून ओव्या परत मिळवण्याची विद्या कोणाजवळही नाही.

यात दुकानदाराला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. टक्-टक् हा आवाज बहुधा शीर्षाला तबकडीवरच्या मार्गदर्शक खुणा वाचता येत नसल्याचे लक्षण असतो; ते पुन्हा पुन्हा आत जाते आणि परत फिरते. शीर्ष दुखावलेले असेल तर अशी प्रत्येक फेरी म्हणजे नांगरट. ओव्यांचे सर्वाधिक नुकसान दुकानात झाले की त्या आधीच्या रात्री, हे आता कोणी सांगू शकणार नाही. माझा कल रात्रीकडे आहे.

म्हणून पहिले काम एकच: वीज काढा. आवाज येत असेल तर दुसऱ्यांदा जोडून पाहू नका. आवाज नसेल आणि डिस्क फिरतच नसेल, तर दुसरी वायर आणि दुसरा संगणक एकदा वापरून पाहायला हरकत नाही. पुष्कळ ‘मेलेल्या’ डिस्क सैल वायरीमुळे मेलेल्या असतात, आणि वायर सर्वांत स्वस्त.

घरगुती उपायांपैकी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. फार जुन्या काही डिस्कच्या बाबतीत क्वचित त्याचा उपयोग झालाही असेल. पण आपल्याकडे पावसाळ्यात ३० अंश सेल्सियस तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असते, तेव्हा दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरते. फ्रीजरमधून उणे १८ अंशांची डबी बाहेर काढली की तिच्या श्वासछिद्रातून आत जाणारी दमट हवा कोठे थिजेल, हे दहावीचा विद्यार्थी सांगू शकेल. काही नॅनोमीटर अंतरावरून उडणाऱ्या शीर्षापुढे पाण्याचा थेंब म्हणजे डोंगर होय. डबी आपटणे, झाकण उघडणे, तशाच दुसऱ्या डिस्कचे सर्किट काढून बसवणे, हेही त्याच पंक्तीतले. यांतील शेवटचा उपाय पूर्वी चालत असे. आता बहुतेक सर्किटांवर त्या त्या डिस्कपुरत्या जुळवणीच्या नोंदी असतात, त्यामुळे परके सर्किट तिला ओळखत नाही.

खोलीतल्या हवेत घनफुटामागे अर्ध्या मायक्रोमीटरहून मोठे धूलिकण लाखांच्या घरात असतात. डिस्क उघडण्यासाठी जी स्वच्छ खोली वापरतात तिच्यात ते शंभराहून कमी ठेवावे लागतात. अर्धा मायक्रोमीटर म्हणजे ५०० नॅनोमीटर. तेव्हा दुकानात डिस्क देताना ‘तुम्ही ती येथेच उघडता का?’ एवढे विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर नमस्कार करून परत यावे.

आतापर्यंत यंत्र मोडल्याची गोष्ट झाली. यंत्र शाबूत असून फाइली हरवण्याचा प्रकार निराळा, आणि तेथे आशा पुष्कळ. हार्ड डिस्कवरची फाइल पुसताना संगणक सहसा फाइल पुसतच नाही; तो फक्त ‘ही जागा मोकळी आहे’ अशी नोंद करतो. ग्रंथालयाच्या कपाटातले पुस्तक तसेच असावे आणि यादीतली त्याची ओळ खोडावी, तसे हे आहे. त्या जागी नवे पुस्तक येईपर्यंत जुने तेथेच राहते. फोटोरेकसारखे मोफत प्रोग्राम यादीकडे पाहतच नाहीत. ते कपाटच चाळतात. जेपीजी छायाचित्राचे पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५ असे असतात. हा क्रम दिसला की येथून चित्र सुरू होते, असे प्रोग्राम ओळखतो. (नव्या एसएसडी साठ्यांत मात्र मोकळी झालेली जागा यंत्र आपणहून लवकरच रिकामी करून टाकते. तेथे ही आशा धरू नये.) परत मिळालेल्या फाइली त्याच डिस्कवर लिहू नयेत, हे वेगळे सांगायला नको, तरी लोक नेमके तेच करतात.

डिस्क वाचता येते पण मधूनमधून अडखळते, अशा वेळी जाणकार माणूस फाइली शोधत बसत नाही. आधी तो सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवतो आणि पुढचे काम त्या प्रतीवर करतो. डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम हे फार शहाणपणाने करतो. वाचायला सोपे भाग आधी उचलतो, अडलेले सोडून त्यांची नोंद ठेवतो आणि शेवटी उरलेल्यांकडे वळतो. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवा, असे आम्ही शिक्षक सांगतो तेच हे.

डिस्कच्या चिवटपणाचे उदाहरण म्हणून कोलंबिया यानाची गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती खरी आहे. तिच्यातून काढला जाणारा अर्थ मात्र मला पटत नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीकडे परतताना कोलंबिया अमेरिकेत टेक्सासच्या आकाशात भंगले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानात झेनॉन वायूच्या श्यानतेचा एक प्रयोग होता. १६.६ अंश सेल्सियसच्या आसपास झेनॉनचा क्रांतिक बिंदू येतो. त्याच्या जवळ वायू इतका दबणारा होतो की पृथ्वीवर तो स्वतःच्या वजनानेच खालच्या बाजूला दाट होतो. म्हणून हा प्रयोग अवकाशात. वायूत बारीक जाळी हलवून, ढवळल्यावर त्याची श्यानता कमी होते का, हे पाहायचे होते. काही मोजमापे उड्डाण चालू असतानाच पृथ्वीवर आली होती. उरलेली यानातल्या हार्ड डिस्कवर होती. जळालेली, आत धूळ शिरलेली ती डिस्क काही महिन्यांनी कोरड्या तळ्याच्या पात्रात मिळाली. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या धुऊन दुसऱ्या यंत्रात बसवल्या आणि जवळजवळ सगळी, ९९ टक्के, माहिती वाचली. तिच्यावर आधारलेला शोधनिबंध २००८ साली ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात आला. झेनॉनसारख्या साध्या वायूतही हा परिणाम दिसतो, असे त्यातून सिद्ध झाले.

पण ती का वाचली? तिच्यावर जुनी डॉस प्रणाली होती. ती माहिती विखरून न टाकता एकीकडे सलग लिहीत गेली होती, आणि तबकडीला धुळीने पडलेले खड्डे नेमके रिकाम्या भागात होते. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून काहीही मिळाले नाही. तिघींपैकी एक वाचली, तीही योगायोगाच्या मदतीने. शिवाय त्या डिस्कला वाटेत कोणी वीज जोडून पाहिली नव्हती, हेही लक्षात घ्यावे! अवकाशातून पडलेल्या डिस्कला जे भाग्य लाभले, ते आमच्या विद्यार्थिनीच्या डिस्कला लाभले नाही.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. फाइली मोबाइलमधून डिस्कवर हलवणे याला राखीव प्रत म्हणत नाहीत. हलवल्यावरही प्रत एकच राहते, फक्त पत्ता बदलतो. दोन प्रती दोन निरनिराळ्या वस्तूंवर आणि शक्यतो दोन निरनिराळ्या घरांत असाव्यात. इंटरनेटवरच्या साठ्याचाही उपयोग करावा. पण मोबाइलमध्ये पुसले की तेथेही आपोआप पुसले जाते का, ते आधी तपासावे. अनेक साठ्यांत तसे होते.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की वर्षातला एक तास यासाठी द्यावा. प्रयोग सोपा आहे. जुन्या पेन ड्राइव्हवर मुलांनी काढलेली दहा छायाचित्रे घालावीत, पुसावीत, आणि फोटोरेकने परत मिळवून दाखवावीत. मग त्यावर मोठी चित्रफीत भरून पुन्हा शोधावीत. आता किती मिळतात ते मुलांनीच मोजावे. शाळेत मोडीत निघालेली हार्ड डिस्क असेल तर तीही उघडून दाखवावी. आरशासारखी तबकडी पाहिल्यावर मुलांना फार समजावावे लागत नाही. आतले चुंबक फार जोरकस असतात, बोटे चिमटतात, तेव्हा ते काम शिक्षकांनीच करावे. आणि ती डिस्क खरोखरच मोडीत आहे ना, तिच्यात कोणाच्या निकालपत्रकाची एकमेव प्रत नाही ना, हे कार्यालयात विचारून घ्यावे.