दिग्दर्शक व्हायचंय? मग इतिहास घे

परवा फोंड्याहून आमचे एक जुने स्नेही आले. सोबत यंदाच बारावी झालेली लेक. तिला सिनेमा दिग्दर्शक व्हायचे आहे आणि वडिलांच्या हातात एका खासगी संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक. 'फिल्ममेकिंग'ची तीन वर्षांची पदवी, फी कित्येक लाख. "भाटाचा एक तुकडा काढतो, पण तुमचे मत हवे," म्हणाले. मत दिले, तर दुखावून परत गेले. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

बारावीनंतर लगेच सिनेमाची पदवी घेणे म्हणजे तांदूळ निवडायच्या आधीच पंगत बसवणे. कॅमेरा, संकलन, ध्वनी हे सगळे शिकता येते. आज तर सराव मोबाइलवरही होतो. पण कॅमेरा कुणाकडे वळवायचा आणि का, हे कुठले माहितीपत्रक शिकवणार?

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचेच पाहा. १९६० साली प्रभातच्या आवारात सुरू झालेली संस्था. तिथे दिग्दर्शन-पटकथेच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, आणि ती कोणत्याही विषयाची चालते. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही तेच. मग ही लाखांची पदवी नेमकी कशाची पायरी?

खुद्द राय अर्थशास्त्राचे पदवीधर. श्याम बेनेगलही हैदराबादला अर्थशास्त्रच शिकले. त्यांच्या 'अंकुर'मधला (१९७४) तेलंगणातला जमीनदार आठवा. जब्बार पटेल लहान मुलांचे डॉक्टर. 'कोर्ट'वाला चैतन्य ताम्हाणे इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी. नागराज मंजुळे आधी मराठीत एम. ए. झाले, मग नगरला संज्ञापन शिकले. क्रम लक्षात घ्या.

"आधी इंजिनिअरिंग कर, मग काय तो सिनेमा," म्हणणाऱ्या पालकांशीही माझे भांडण आहे. नावडत्या विषयात चार वर्षे घालवलेल्या मुलाकडे मग सिनेमासाठी उरते काय? थकवा.

आणि आपल्याकडे विषयांचा दुष्काळ आहे का? २००४ पासून इफ्फी पणजीत भरतो, दर नोव्हेंबरात आपण मांडवीकाठची रोषणाई पाहून येतो. पण २०१२ साली खाणी थांबल्या, डिचोली-सत्तरीत ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. त्यावर सिनेमा करायला लीजचा इतिहास हवा, थोडे अर्थशास्त्र हवे, आणि त्या घरांत कुठली भाषा बोलतात त्याचा कान हवा. लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा 'पलतडचो मनिस' २००९ साली टोरांटोला गौरवला गेला. तो महाबळेश्वर सैलांच्या कथेवर उभा आहे. वाचणारा दिग्दर्शक होता म्हणून.

तर त्या मुलीला मी म्हटले, बाय, इतिहास घे, नाहीतर मराठी घे. गावच्या जत्रेतल्या नाटकाला प्रॉम्प्टर म्हणून बस, नटाला कधी थांबावे लागते ते तिथे कळेल. दर सुट्टीत दहा मिनिटांची एक फिल्म कर, आणि वाईट झाली तर पुन्हा कर. भाट विकायचेच असेल तर पदवीनंतर, पहिल्या सिनेमासाठी वीक.

वडील गप्प होते. मुलीने मात्र जाताना हळूच विचारले, "इतिहासाला फॉर्म कधीपर्यंत भरायचा?"