नाताळचा देखावा आणि चार शुभवर्तमाने : येशूचे चित्र एकच का नाही?

१/१०
वसईपासून गोव्यापर्यंत नाताळात गोठ्याचे देखावे उभे राहतात. गव्हाणीत बाळ येशू, एका बाजूस मेंढपाळ, दुसऱ्या बाजूस पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष. बायबलच्या एकाही पुस्तकात मात्र हे दोघे एकत्र भेटत नाहीत. मेंढपाळ फक्त लूकच्या शुभवर्तमानात आहेत, ज्ञानी पुरुष फक्त मत्तयाच्या. मार्क आणि योहान जन्मकथा सांगतच नाहीत.

२/१०
देखाव्यात ही सरमिसळ शोभते. इतिहासाच्या अभ्यासात ती घातक ठरते. येशू कोण होता आणि तो कशासाठी आला, या प्रश्नाला नव्या करारातील चार शुभवर्तमाने चार दिशांनी उत्तर देतात. ती एकत्र कालवली की चौघांचेही म्हणणे हरवते.

३/१०
बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्क सर्वांत जुना, इ.स. ७० च्या आसपासचा. रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, तो हा काळ. येथील येशू आपली ओळख झाकून ठेवतो. पेत्र त्याला ‘ख्रिस्त’, म्हणजे अभिषिक्त, म्हणतो तेव्हा तो शिष्यांना गप्प राहण्याची ताकीद देतो आणि लगेच आपल्या मरणाविषयी बोलू लागतो. त्याला देवाचा पुत्र म्हणणारा पहिला माणूस भेटतो तो थेट वधस्तंभापाशी. आणि तोही एक रोमन शताधिपती.

४/१०
मत्तय यहुदी परंपरेच्या आतून बोलतो. त्याची वंशावळ अब्राहामापासून निघते आणि दावीद राजावरून येते. डोंगरावरून शिकवणारा हा येशू मोशेची आठवण करून देतो. आपण नियमशास्त्र मोडण्यास नव्हे, तर पूर्ण करण्यास आलो, असे सांगतो. एके ठिकाणी तो आपले कार्य इस्राएलपुरतेच असल्याचे म्हणतो. शेवटी मात्र शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवतो.

५/१०
लूक वंशावळ अब्राहामापाशी थांबवत नाही, आदामापर्यंत नेतो. म्हणजे हा येशू अखिल मानवजातीचा. नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडून तो आपले कार्य जाहीर करतो : गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी.

६/१०
योहान सृष्टीच्याही आधीपासून सुरुवात करतो. त्याचा येशू म्हणजे देहधारी झालेला ‘लोगोस’. मराठी बायबलात ‘शब्द’. मार्कमध्ये झाकलेली ओळख येथे येशू स्वतःच्या तोंडाने उघड सांगतो. त्याचे कार्य पित्याला प्रकट करण्याचे आणि सार्वकालिक जीवन देण्याचे आहे.

७/१०
यावरून काही जण घाईने अनुमान काढतात : साध्या उपदेशकाला हळूहळू देव बनवले गेले आणि ३२५ च्या निकाया परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. हे अनुमान कालक्रमावरच अडखळते. पौलाची पत्रे मार्कच्याही आधीची आहेत, आणि फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात देवस्वरूप असलेल्याने दासाचे रूप घेतल्याचे वर्णन आहे. निकायातील वाद पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की पित्याने निर्मिलेला, असा होता. परिषदेत पराभूत झालेल्या पक्षाचा अरियसदेखील येशूला केवळ माणूस मानत नव्हता.

८/१०
चौघांचे म्हणणे एकच आहे, हा दावाही टिकत नाही. मरताना मार्कचा येशू देवाने आपल्याला का टाकले म्हणून आक्रोश करतो. लूकचा येशू शांतपणे आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो. योहानाचा येशू कार्य संपल्याचे सांगतो. तरीही पिलाताचा हुकूम, वधस्तंभ आणि ‘यहुद्यांचा राजा’ हा फलक चौघांतही आहे. गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी ही मानहानीची शिक्षा आपल्या ख्रिस्ताच्या नावावर कोणी हौसेने रचली नसती. पिलाताचे नाव कोरलेला शिलालेख १९६१ मध्ये कैसरिया येथे सापडला.

९/१०
चार कथांची एक कथा करण्याची ओढ जुनीच. सुमारे १७० मध्ये ततियनने चारही शुभवर्तमाने गुंफून ‘दियातेस्सरोन’ रचले, आणि सिरियाक भाषिक चर्चमध्ये ते पिढ्यानुपिढ्या वाचले गेले. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेटने त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून त्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली. मराठीत फादर थॉमस स्टीफन्सच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’नेही येशूचरित्र एका सलग कथेतच सांगितले. काव्याला ती मुभा आहे. धर्मग्रंथ ठरवताना मात्र चर्चने विसंगती डोळ्यांसमोर असूनही चौघांना वेगळे राहू दिले.

१०/१०
इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी ती पुन्हा एक का करावीत? साक्षी जुळत नाहीत म्हणून सगळेच खोटे ठरवणे आणि साक्षी ओढूनताणून जुळवणे, हे दोन्ही आळसाचेच प्रकार. त्याहून एकच प्रसंग, उदाहरणार्थ वधस्तंभाचा, चारही शुभवर्तमानांत शेजारी शेजारी ठेवून वाचावा. कोणी काय गाळले आणि कोणी काय जोडले, याची नोंद करावी. पहिल्या शतकातील लोक येशूला काय मानत होते, याचे सर्वांत जवळचे पुरावे त्या फरकांतच दडलेले आहेत.