मिसळीचं बिल पहिल्याने द्यावं

गुढीपाडव्याच्या आसपास मित्रांच्या गटात एखादा उत्साही जीव उठतो आणि जाहीर करतो, की या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत रोजची पावलं मोजायची. रात्री दहाला प्रत्येकाने आपला आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा आणि वर्षाअखेरीस जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची. पहिला आठवडा दणक्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात पहिलं भांडण होतं आणि तिथून नियमावली आकार घेऊ लागते. मोटारसायकलवरची पावलं बाद. घड्याळ कुत्र्याच्या गळ्यात बांधलेलं आढळल्यास पावलं कुत्र्याच्या नावावर जमा होतील आणि बक्षीसही त्यालाच मिळेल. झोपाळ्यावर बसून फोन हलवणाऱ्याने महिनाभर चहाचे पैसे द्यावेत. आकडा सांगताना ‘साधारण’ हा शब्द वापरू नये. सासुरवाडीतली पावलं दुप्पट धरली जाणार नाहीत, सहानुभूती मात्र मिळेल.

हा सगळा पोरकटपणा वाटेल. पण २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नाही. पुरेशी म्हणजे फार काही नाही. आठवड्याला १५० मिनिटं, धाप लागेल न लागेल इतपत झपझप चालणं झालं तरी चालतं. एवढंही निम्म्या लोकांकडून होत नसताना, आठ मित्र एकमेकांची टिंगल करत वर्षभर चालणार असतील, तर त्याइतका स्वस्त उपचार दुसरा नाही. त्या नियमावलीत एकच कलम घातक आहे आणि नेमकं तेच सगळ्यांचं लाडकं आहे: शेवटच्याने मिसळ द्यायची.

स्पर्धेने माणूस खरंच जास्त हलतो का, हा आधीचा प्रश्न. हलतो. अमेरिकेत पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या सुमारे आठशे विद्यार्थ्यांवर अकरा आठवडे एक प्रयोग झाला. जिंगवेन झांग आणि डेमन सेंटोला यांनी तो २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. व्यायामाचे वर्ग सगळ्यांना खुले होते. काही गटांना इतरांची हजेरी आणि त्यात आपला क्रमांक दिसत होता. काही गटांना एकमेकांशी गप्पा मारून धीर देण्याची सोय होती. जिथे तुलना होती तिथली हजेरी, तुलना नसलेल्या गटांपेक्षा ९० टक्क्यांनी जास्त भरली. गंमत पुढेच आहे. ज्यांना फक्त धीर देण्याची सोय होती, त्यांची हजेरी काहीच सोय नसलेल्यांपेक्षाही कमी होती. अशा गटात न येणाऱ्यांकडेच जास्त लक्ष जातं आणि हळूहळू सगळेच त्यांच्या पातळीवर उतरतात, असं संशोधकांचं म्हणणं. ज्या गटात रोज सकाळी फुलांची चित्रं आणि ‘चालत राहा’ असे संदेश येतात, पण चालायला कोणीच जात नाही, त्या गटाच्या सदस्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रयोग जास्त कामाचा आहे, कारण तो वजन जास्त असलेल्या नोकरदार माणसांवर झाला. डॉ. मितेश पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात ६०२ जण होते. काहींना तिघातिघांच्या गटात स्पर्धेला बसवलं, काहींनी एकजुटीने खेळायचं होतं, काहींच्या मागे घरचं किंवा ओळखीचं माणूस पाठराखणीला दिलं. २४ आठवडे हा खेळ चालला. तीनही प्रकारांत पावलं वाढली, सर्वाधिक स्पर्धेत वाढली. खेळ थांबल्यावर आणखी १२ आठवडे मोजणी चालू ठेवली, तेव्हा वाढ ठळकपणे टिकून राहिली ती फक्त स्पर्धेतल्या लोकांची.

पण त्या स्पर्धेचे नियम नीट पाहायला हवेत. तिथे सगळ्यांसाठी एकच आकडा नव्हता. प्रत्येकाची नेहमीची पावलं आधी मोजली आणि त्यावर किती वाढवायची हे ज्याचं त्याने ठरवलं. दर आठवड्याच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या खात्यात ७० गुण आयते जमा होत. ज्या दिवशी स्वतःचं लक्ष्य चुकेल त्या दिवसाचे १० कापले जात. पुढच्या आठवड्यात पाटी पुन्हा कोरी. म्हणजे रोज ३,५०० पावलांवरून ५,००० वर आलेला माणूस, रोज १४,००० चालणाऱ्याच्या बरोबरीला बसू शकत होता. आपल्याकडच्या गटांत असं होत नाही. इथे महिन्याची सरळ बेरीज होते आणि ट्रेकिंगवाला एप्रिलमध्येच इतका पुढे जातो, की बाकीच्यांना उरलेले अकरा महिने फक्त त्याची पाठ दिसते.

पावलांचा फायदा सरळ रेषेत वाढत नाही. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १७ हजार अमेरिकी स्त्रियांची पावलं मोजून त्यांच्यावर चारेक वर्षं लक्ष ठेवलं. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं. पुढे ७,५०० च्या आसपास ही घसरण थांबली. २०२२ मध्ये पंधरा अभ्यासांतल्या सुमारे ४७ हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात साठीच्या पुढच्यांसाठी फायदा ६,००० ते ८,००० पावलांच्या दरम्यान सपाट झाला, तर साठीच्या आतल्यांसाठी ८,००० ते १०,००० च्या दरम्यान. अशा अभ्यासांत एक अडचण असते: मुळात धडधाकट माणूसच जास्त चालतो, त्यामुळे सगळं श्रेय पावलांना देता येत नाही. संशोधक वय, आजार, धूम्रपान वगैरे हिशेबात घेतात, तरी थोडी शंका उरतेच. रेषेचा आकार मात्र पुन्हा पुन्हा तसाच येतो. सुरुवातीला खडा चढ, नंतर पठार.

(दहा हजारांचा पवित्र आकडा संशोधनातून आलेलाच नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलंमोजणी यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ या अर्थाचं होतं. आकडा गोल होता, तोंडात बसला आणि साठ वर्षांनी शनिवार पेठेतल्या काकांच्या मनगटावर येऊन थरथरू लागला.)

आता मिसळीच्या कलमाकडे पाहा. गटात तळाला कोण असतं? गुडघ्याने बेजार झालेला, दिवसभर काउंटरमागे बसणारा, रात्रपाळी करणारा, नुकतीच साखर निघालेला. त्याची पावलं ३,००० वरून ५,००० झाली, तर त्या गटात वर्षभरातला सगळ्यात मोठा वैद्यकीय लाभ त्याचा असतो. १२,००० वरून १५,००० वर गेलेल्याला त्या मानाने फारसं काही मिळत नाही. बूट लवकर झिजतात. तरीही टाळ्या त्याला आणि बिल याला. बरं, शेवटचा येणार हे त्याला वैशाखातच कळतं. मग तो भांडत नाही, रागावत नाही, फक्त आकडा टाकायचं बंद करतो. ज्याच्यासाठी हा खटाटोप व्हायला हवा तोच गळतो आणि उरलेले सात तंदुरुस्त लोक एकमेकांना हरवत बसतात.

दंड मुळीच नको, असा याचा अर्थ नाही. दंडाला धार असते. पटेल यांच्याच २०१६ च्या एका प्रयोगात २८१ जणांना रोज ७,००० पावलांचं लक्ष्य दिलं होतं. लक्ष्य गाठल्यावर पैसे मिळणाऱ्यांनी, काहीच न मिळणाऱ्यांपेक्षा जेमतेम बरी कामगिरी केली. ज्यांच्या नावे महिन्याचे पैसे आधीच जमा दाखवले होते आणि लक्ष्य चुकलं की कापले जात होते, ते मात्र ४५ टक्के दिवस लक्ष्यापर्यंत पोचले. काहीच न मिळणारे ३० टक्के. खिशातून गेलेला रुपया मिळालेल्या रुपयापेक्षा जड असतो, हे किराणा दुकानदाराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तेव्हा पाडव्याला प्रत्येकाने डब्यात पैसे टाकावेत, स्वतः ठरवलेलं लक्ष्य चुकलं तर ते मिसळफंडात जावेत. क्रमांकाला दंड नसावा. आणि वरचा जो खर्च येईल तो पहिल्या आलेल्याने करावा. त्याला परवडतं, त्याची तब्येत चांगली आहे.

लबाडीबद्दलची कलमं मात्र जशीच्या तशी ठेवावीत, कारण मोजणारं यंत्र भोळं आहे. मनगटावरच्या घड्याळात प्रवेगमापक असतो. तो ठरावीक लयीतला हेलकावा शोधतो आणि त्याला पाऊल म्हणतो. त्यामुळे आरतीत टाळ्या वाजवल्या, कणीक तिंबली, पत्ते पिसले, तरी काही वेळा पावलं वाढतात. उलट बाबागाडी ढकलत दोन किलोमीटर चाललं तर हात स्थिर असल्याने कमी भरतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात मांडलेला विचार इथे चपखल लागू पडतो: मोजमाप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. रात्री पावणेबाराला दिवाणखान्यात गोल गोल फिरून आकडा पुरा करणारा आणि त्यापायी झोप बुडवणारा माणूस त्याचा जिवंत पुरावा आहे. ‘रात्री दहानंतरची पावलं उद्याच्या खात्यात’ हे कलम विनोदी वाटलं तरी झोपेच्या बाजूने उभं आहे.

गटात मैत्रिणी असतील तर आणखी एक तंटा हमखास उपटतो: घरातली पावलं धरायची की नाही? धरायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी, सलग दहा मिनिटं हालचाल झाली तरच मोजावी ही जुनी अट काढून टाकली. ओट्यापासून गच्चीपर्यंतच्या खेपाही हालचालच आहेत. उलट अन्याय वेगळाच होतो. पुरुषाचा फोन खिशात असतो. कुर्त्याला खिसाच नसल्याने बाईचा फोन फ्रिजवर पडून असतो आणि तिची दिवसभराची धावपळ शून्य म्हणून नोंदली जाते. ‘खिसा नसलेल्या सदस्यांना रोज हजार पावलं बहाल’ असं कलम करायला कुणाची हरकत नसावी. ज्यांची असेल त्यांनी आठवडाभर स्वयंपाक करून आकडा तपासावा.

वर्षभराची स्पर्धा म्हटली की ऋतू आले. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. तिथे दुपारी बारा ते तीनमधली उन्हातली पावलं बाद ठरवणं ही चेष्टा नाही, तो उष्माघातावरचा इलाज आहे. कोकणात जुलैत जिने आणि व्हरांडे चालावेत. त्याच दिवसांत आठवड्यातून दोनदा उठाबशा धरल्या तर स्नायूंचंही भलं होईल, कारण नुसत्या चालण्याने ते काम होत नाही. गणपतीत आणि दिवाळीत सरसकट रजा. एखादा दिवस बुडाला म्हणजे व्रत मोडलं, असं काही नसतं. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

आणि आषाढात एखादा सदस्य वारीला जातो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे तीन लाखांच्या पुढे पावलं. तक्ता कोलमडतो. अशा वेळी ‘वारीची पावलं विठोबाच्या खात्यात’ हेच न्याय्य कलम. मात्र त्या सदस्याला मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय कुणीतरी पाहावेत. संवेदना कमी झालेल्या पायाला फोड आलेला कळत नाही आणि तो चिघळायला वेळ लागत नाही. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखरेची पुडी असू द्यावी आणि औषधाच्या मात्रेबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

एका कलमात विनोद नको. छातीत दाब, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, घेरी, यातलं काहीही झालं तर जागीच थांबायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. त्या दिवसाचे पूर्ण गुण द्यायचे, पुरावा मागायचा नाही. हरण्याच्या भीतीने दुखणं लपवायची वेळ यावी, इतकं काही मिसळीत नसतं, तर्री कितीही चांगली असो.

कुणाचा आकडा तीन दिवस आला नाही, तर गटावर ‘कुठे गायब?’ विचारण्याऐवजी कुणीतरी त्याला फोन करावा आणि त्या फोनवर पावलांचा विषय काढू नये. बहुतेक वेळा चार्जर गावी राहिलेला असतो.